सही न करता उठलेला माणूस

परतवाड्याच्या प्रतिस्वाक्षरी केंद्रात गेल्या तीन वर्षांत सहीच्या खुर्चीत बसलेला एकही माणूस सही केल्यावाचून उठला नव्हता.

शेजारच्या जिल्ह्यांतल्या केंद्रांत असे लोक दर महिन्याला निघत. कोणी ऐनवेळी घर विकायचे नाही असे ठरवी, कोणी दत्तकाच्या कागदावरून हात मागे घेई, कोणी नुसताच रडू लागे. परतवाड्यात एकही नाही. मुख्यालयाने याबद्दल केंद्राला प्रशस्तिपत्र दिले आणि ते निरुपमा धर्माळेच्या टेबलामागच्या भिंतीवर लागले. निरुपमा तिथली ज्येष्ठ प्रतिसाक्षी होती. त्याआधी तिने सोळा वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवले होते. शून्य आले की मापनयंत्र तपासायचे, असे ती मुलांना सांगत असे. पण प्रशस्तिपत्र चौकटीत बसवून आले तेव्हा तिला ते आठवले नाही.

प्रतिस्वाक्षरी म्हणजे दुसरी सही. कागदातला मजकूर खरा आहे, किंवा व्यवहार शहाणपणाचा आहे, असे ती म्हणत नाही. ती एवढेच म्हणते की पहिली सही याच माणसाने, माझ्या देखत, आपखुशीने केली. पूर्वी हे काम शब्दावर चाले आणि बहुधा वाईट चाले. कचेरीत कागदांचा गठ्ठा येई आणि साहेब सही करणाऱ्याचे तोंडही न पाहता खाली रेघोट्या ओढत जाई. पुढे यंत्रे कोणाचीही सही, कोणाचाही आवाज आणि चेहरा हुबेहूब बनवू लागली, तेव्हा कायद्याला या दुर्लक्षित दुसऱ्या सहीची आठवण झाली. समोर बसून पाहणारा जिवंत माणूस तेवढा बनवता येत नव्हता. तो खरोखर पाहत होता की नाही, हे मोजण्याची सोय मात्र हवी होती.

ती सोय शरीरातच सापडली. दुसऱ्याचा हात लिहिताना आपण लक्ष देऊन पाहतो, तेव्हा आपल्या हाताचे स्नायूही त्याच क्रमाने किंचित ताणले जातात. ताण डोळ्यांना दिसत नाही, पण संवेदकाला मोजता येतो. म्हणून केंद्रात सह्या घेणाऱ्या यंत्राला, म्हणजे पाटीला, दोन लेखण्या होत्या. एक सही करणाऱ्याच्या हातात, दुसरी प्रतिसाक्षीच्या. पहिली चालू लागली की दुसरीच्या आतली बारीक मोटर पहिलीच्या हालचालीची पुसट जाणीव प्रतिसाक्षीच्या बोटांना देई आणि पाटी दोन्ही हातांचा मेळ मोजी. मेळ पुरेसा असला तर हिरवा दिवा लागे आणि प्रतिसाक्षी आपली सही करी. मेळ कमी पडला की कागद बाद, माणूस परत.

सुरुवातीला निम्मे कागद बाद होत. मेळघाटातून दोन गाड्या बदलून आलेल्या माणसाला "पुढच्या आठवड्यात या" असे सांगताना निरुपमाचा जीव खालीवर होई. मग तिने एक युक्ती काढली. अर्जासोबत प्रत्येकाच्या सहीचा नमुना येतच असे. सकाळी केंद्र उघडण्यापूर्वी ती त्या दिवसाचे सगळे नमुने कोरड्या लेखणीने गिरवू लागली. एकेक सही पंचवीस-तीस वेळा, बोटांत बसेपर्यंत. ओळखीच्या वळणामागे हात सहज जातो. कागद बाद होणे थांबले. तिने ही रीत आपल्या हाताखालच्या कमलाकर उमकलाही शिकवली, आणि लोक दुवा देऊ लागले.

*

सुभद्राबाई गावंडे तिला आठवडी बाजारात भेटल्या. संत्र्यांचा ढीग लावून बसल्या होत्या. निरुपमाने ओळखले नाही. त्यांनीच हाक मारली.

"मॅडम, घ्या ना. लेकीसाठी न्या. आजारी आहे म्हणते."

"तुमच्या बागेतली का?"

"माझी कुठची आता बाग." सुभद्राबाईंनी एक संत्रे उचलून पदराला पुसले. "भावायची. तुमच्यासमोरच नाही का मी हक्कसोडवर सही केली. ही विकत घेतली त्यांच्याकडून, चिल्लर विकाले."

निरुपमाला आठवले. बापाच्या बागेतला हिस्सा बहिणीने भावांच्या नावे सोडल्याचा कागद. असे कागद रोजच येत.

"राजीखुशीनं केली होती ना?" तिने विचारले. प्रश्न सवयीचा होता.

सुभद्राबाई हसल्या. "सांगू का? मी त नाही म्हणाचं ठरवूनच घरून निघाली होती. म्हटलं तुमच्यासमोर बसीन, लेखणी ठेवीन अन् उठीन. चारचौघांत भाऊ काय करते मग? बसली. लेखणी धरली. अन् हातानं करून टाकली, बाप्पा."

"म्हणजे कोणी जोर केला?"

"कोणी नाही. भाऊ बाहेर होते. तुम्हीच होत्या फक्त. मंग मलेच वाटलं, जाऊ दे, भाऊच आहेत, माहेर तुटायचं." त्यांनी चार संत्री पिशवीत टाकली आणि पैसे घेतले नाहीत. "पन एक सांगू? हे वाटलं ना, ते सही झाल्यावर वाटलं."

घरी जाईपर्यंत निरुपमाने ते वाक्य मनातल्या मनात अनेकदा उलटसुलट करून पाहिले. पिशवीतली संत्री तिने स्वयंपाकघरात ठेवली, आणि ऋजुताने मागूनही त्यातले एक सोलून द्यायला तिचा हात पुढे झाला नाही.

*

ऋजुता तिची एकुलती मुलगी, एकोणीस वर्षांची. तिच्याच शरीरातल्या पेशी तिच्या यकृतावर उलटल्या होत्या. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि डॉक्टरांनी महिन्यांची भाषा सोडून आठवड्यांची धरली होती. निरुपमाचा नवरा हयात नव्हता. तिचा स्वतःचा रक्तगट जुळत नव्हता. जुळला तो तिच्या दिराचा, हेमराजचा. यकृताचा तुकडा द्यायचा, म्हणजे देणाऱ्याची संमती पाटीवर हवी आणि तिच्यावर प्रतिस्वाक्षरी हवी. नात्यातल्या माणसाला प्रतिसाक्षी होता येत नाही, म्हणून उमक बसणार होता. तारीख ठरली होती: येत्या शुक्रवारी सकाळी.

हेमराजचा लाकडे कापायचा आरा होता. बुधवारी संध्याकाळी तो आला, तेव्हा त्याच्या भुवयांत सागाचा भुसा होता.

"वहिनी, तुम्ही काळजी करू नका," तो म्हणाला. "शुक्रवारी सही करून टाकू."

"रत्ना काय म्हणते?"

"ती काय म्हणते. दोन लेकरं आहेत, आरा कोण चालवते, म्हणते. बाईमाणूस आहे, घाबरते." त्याने चहाचा कप बशीत फिरवला, प्यायला मात्र नाही. "डॉक्टर म्हणे, शंभरात एखाद्याचं बिनसते. एखाद्याचंच."

"भाऊजी, तुमच्या मनात नसेल तर—"

"मनात काहून नसंल? दादाची पोरगी आहे." मग हसून म्हणाला, "अन् गावात काय म्हणते लोक माहीत आहे का? धर्माळेबाईच्या खुर्चीत एकदा बसला की सही झालीच समजा. आपण कशाला त्यात अपवाद."

तो गेल्यावर ऋजुता आतून म्हणाली, "आई, काकाला कोणी विचारलं का?"

"सही करतो म्हणाले ना."

"ते ऐकलं मी. विचारलं का, ते विचारते."

हेमराजचा कप तसाच भरलेला होता. तो उचलून निरुपमाने मोरीत ओतला आणि कप विसळताना तिच्या लक्षात आले की आपला उजवा हात ओल्या बशीवर बोटाने काहीतरी काढतो आहे. तिने पाहिले. ते हेमराजच्या सहीचे वळण होते. त्याचा नमुना त्या सकाळीच केंद्रात आला होता, आणि बसणार उमक होता तरी सवयीने तो तिनेही गिरवला होता.

*

गुरुवारी जेवणाच्या सुटीत तिने केंद्राचे दार आतून लावले.

"उमक, सहीच्या खुर्चीत बसा."

"माझी सही कशाले, मॅडम? इस्टेट नाही, बायको नाही."

"एक प्रयोग करायचा आहे. लेखणी पाटीवर टेकवून ठेवा. सही करायची नाही. मी थांबा म्हणेपर्यंत नुसतं बसायचं."

"एवढंच? हे त मला जमते. सरकारी नोकरी आहे आपली."

उमकची सही तिला पाठ होती. हजेरीपटावर रोज दिसे, आणि सकाळी ती तिने मुद्दाम गिरवली होती. तिने दुसरी लेखणी हातात घेतली आणि तिची नजर उमकच्या बोटांवर स्थिरावली. तिने काही केले नाही. निदान, काही करायचे तिने ठरवले नव्हते. पंखा फिरत होता. बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करण्यासाठी लाथा मारत होते.

उमकच्या लेखणीने 'क'ची उभी रेघ ओढली आणि पुढे ती थांबलीच नाही. सही पूर्ण झाली. हिरवा दिवा लागला.

"मी नको म्हणाले होते," निरुपमा म्हणाली.

"हो ना." उमकने लेखणी खाली ठेवली. "बसून बसून कंटाळा आला, मॅडम. मनात म्हटलं, करून टाकू, काय बिघडते. तुम्हाला अजून एक पाहिजे असंल तर—"

"हे मनात केव्हा आलं? रेघ ओढण्याआधी की नंतर?"

तो उत्तर द्यायला निघाला आणि थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू जागच्या जागी राहिले, फक्त त्याच्यामागचा माणूस जरा मागे सरकला.

मग तिने प्रयोगाच्या अटी एकेक करून बदलल्या. तिने डोळे मिटले, तरी सही झाली. म्हणजे नजरेचा दोष नव्हता. तिने उमकला न गिरवलेले एक अनोळखी नाव लिहिण्याच्या तयारीत बसवले. त्याचा हात जागेवर राहिला. तिने आपली लेखणी टेबलावर ठेवून दिली आणि त्याला स्वतःच्या सहीसाठी पुन्हा बसवले; हात जागेवरच राहिला, कितीही वेळ. लेखणी परत उचलली आणि 'क' पुन्हा उमटला. शेवटी तिने पाटीचे मागचे झाकण काढले. दोन्ही लेखण्यांच्या तारा एकसारख्या होत्या, मोटरीही एकसारख्या. डावखुऱ्या माणसाला जागा बदलून बसता यावे म्हणून बनवणाऱ्यांनी दोन्हींत काही फरकच ठेवला नव्हता. पहिल्या लेखणीची हालचाल दुसरीला जाणवे, तशीच दुसरीची पहिलीला. माहितीपुस्तिकेत एक ओळ होती: प्रतिसाक्षीने हात स्थिर ठेवावा.

पण गिरवलेला हात स्थिर राहत नाही. त्याला पुढचे वळण ठाऊक असते. समोरचा माणूस घुटमळला की तो हात वाट पाहत नाही. केसभर पुढे जातो. समोरच्याच्या बोटांना तो धक्का म्हणून जाणवत नाही, कारण धक्का त्याच्या स्वतःच्या सहीच्या आकाराचा असतो. आपल्या ओळखीची हालचाल आपल्या हातून घडली, की ती आपणच केली असे मेंदू धरून चालतो आणि कारण मागाहून शोधून देतो. माहेर तुटायचं. कंटाळा आला. काय बिघडते.

आणि यंत्र तर फक्त मेळ मोजत होते. दोन हात सारखे हलले, एवढेच त्याला कळे. आधी कोण हलले, हे कोणी त्याला विचारलेच नव्हते.

निरुपमाने आपला उजवा हात डाव्या हाताने धरला. तीन वर्षांतली माणसे तिच्या डोळ्यांपुढून जाऊ लागली: घरे दिलेली, मुले दिलेली, हिस्से सोडलेली, आणि प्रत्येकाची सही अजून तिच्या बोटांत होती.

उमकने पाटीचे झाकण उचलून हातात धरले. त्याला जे कळायचे ते कळले होते. मग तो हळूच म्हणाला, "मॅडम, उद्या ऋजुताचा कागद आहे."

"माहीत आहे."

"मी हेमराजभाऊंची सही गिरवली आहे. चांगली बसली आहे हातात." त्याने तिच्याकडे पाहिले नाही. "उद्याचं होऊन जाऊ द्या. सोमवारी कळवू मुख्यालयाला. तीन वर्षं चाललं, तीन दिवस अजून. अन् भाऊंना कुठं कळणार आहे? त्यांना त वाटंल आपणच दिलं. आयुष्यभर चांगलं वाटंल त्यांना."

हे शेवटचे खरे होते, आणि त्याचीच तिला सर्वांत भीती वाटली.

"झाकण लावून टाका," ती म्हणाली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

*

शुक्रवारी हेमराज इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला. रत्ना बाहेरच्या बाकावर बसली, धाकट्याला मांडीवर घेऊन. नियमाप्रमाणे निरुपमाला काचेच्या पलीकडे थांबावे लागले. डॉक्टरांचा सकाळीच फोन आला होता: शस्त्रक्रियागृह सोमवारसाठी राखून ठेवले आहे, संमती तेवढी पाठवा. ऋजुता उठून बसली नव्हती. निघताना तिने फक्त डोळे उघडले होते.

उमकने ठरलेला प्रश्न विचारला. "आपखुशीनं सही करता ना?"

"हो."

हेमराजने लेखणी धरली. ती पाटीवर टेकवली. आणि तो थांबला. रोज लाकूड कापणारा तो जाड पंजा स्थिर होता, पण मान दाराकडे वळली होती. दाराच्या जाळीतून धाकट्याचा एक पाय दिसत होता, वहाण निघालेली.

निरुपमाने उमकच्या हाताकडे पाहिले. तो स्थिर दिसत होता. तो स्थिर नव्हता हे परतवाड्यात दोनच माणसांना माहीत होते. तिला फक्त उभे राहायचे होते. याहून सोपे तिने आयुष्यात काही केले नसते.

हेमराजच्या लेखणीखाली 'ह' उमटला.

तो दाराकडेच पाहत होता. आपला हात चालू झाला हे त्याने पाहिलेही नव्हते. काचेचे दार ढकलून निरुपमा आत गेली आणि तिने उमकच्या लेखणीची तार पाटीतून ओढून काढली.

लाल दिवा लागला. हेमराजचा हात जागच्या जागी थांबला. त्याने 'ह'कडे असे पाहिले, जणू कोणी त्याच्या अंगणात येऊन काही ठेवून गेले होते.

"काय झालं, वहिनी?"

"काही नाही. मशीन बिघडलं होतं." तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. "आता तुम्हाला कोणी घाई करत नाही, भाऊजी. पाटीवर तुमची एकट्याची लेखणी आहे. करायची तर करा, साक्षीचं मागाहून पाहू. नाही केली तरी मी तुम्हाला काही म्हणणार नाही. ऋजुताही म्हणणार नाही."

उमक तिच्याकडे पाहत होता. हेमराज आपल्या हाताकडे. निरुपमाला आठवले, ऋजुता सहा वर्षांची असताना याच माणसाने तिला लाकडाचा घोडा करून दिला होता. हे ती मोठ्याने म्हणाली असती तर कदाचित पुरले असते. तिने ओठ मिटून ठेवले.

"मला भीती वाटते, वहिनी," हेमराज म्हणाला. खाली पाहून, अगदी हलक्या आवाजात. "दोन महिने झोप नाही. तुमच्यासमोर नाही म्हणाची हिंमत नव्हती. वाटलं, तिथं बसलो की होऊन जाईल."

"मग उठा, भाऊजी."

तो उठला. बाहेर रत्नाने धाकट्याच्या पायात वहाण चढवली. तिघे पायऱ्या उतरून गेले.

*

त्या संध्याकाळी निरुपमाने मुख्यालयाला अहवाल लिहिला. साध्या कागदावर, साध्या पेनाने. त्याआधी तिने डॉक्टरांना कळवले होते, आणि ऋजुताचे नाव मृत दात्यांच्या प्रतीक्षायादीत गेले होते. वर जवळपास सव्वाशे नावे होती. ऋजुताला तिने स्वतः सांगितले. ती छताकडे पाहत म्हणाली, "विचारलंस ना पण." पुढे तिने भिंतीकडे तोंड केले आणि निरुपमा तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

अहवालाला प्रतिस्वाक्षरी हवी होती. उमकने तो दोनदा वाचला. तो वाचत असताना निरुपमा खिडकीपाशी, त्याच्याकडे पाठ करून उभी होती. पेन कागदावर टेकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. ती वळली नाही. शेवटी पेन चालल्याचा आवाज आला.

अहवालात लिहिले होते ते असे:

"या केंद्रात सही नाकारणारा कोणी का आढळला नाही, याचे कारण सापडले आहे. प्रतिसाक्षी सकाळी सहीचे नमुने गिरवत असत. ही रीत मी सुरू केली. गिरवलेला हात सही करणाऱ्याच्या आधी हलतो, आणि पाटीच्या दोन्ही लेखण्या एकमेकींना हालचाल पोचवत असल्याने सही करणाऱ्याचा घुटमळणारा हात त्यामागे जातो. ज्या सह्यांवर आम्ही 'आपखुशीने' अशी साक्ष दिली, त्यांपैकी किती आपखुशीच्या होत्या हे आता सांगता येणार नाही. त्या सर्व पुन्हा विचारून घ्याव्यात; पहिला कागद सुभद्राबाई गावंडे यांचा घ्यावा. आज लेखणीची तार काढल्यावर या केंद्रातून पहिला माणूस सही न करता उठला. त्याचे नाव हेमराज धर्माळे. तो माझा दीर आहे."